पायताण दिसायला पायजे: मॉडेल घेऊन प्रॉडक्ट शूट करायचं तर

चार वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, एका दुकानाचं शूट घेतलं होतं. सकाळी साडेनऊला स्टुडिओत लाईट लागले, मॉडेलचा मेकअप झाला, मालकांनी रिक्षातून आणलेली खोकी उघडली. १८ जोड, सगळे ८ नंबरचे. मुलीचा पाय ५ नंबरचा. चपलेच्या एका नंबरामागं साधारण एक तृतीयांश इंच लांबी वाढते, म्हणजे तीन नंबरांत पुरता एक इंच. तिनं पहिला जोड घातला तर टाचेमागं तेवढं चामडं मोकळं, आणि चालायला सांगितलं की फटक फटक. मालक म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक काय फोटोत नंबर बघतंय व्हय? डिझाईन बघतंय." नंबर बघत नाही हे खरं. पण दुसऱ्याची चप्पल घालून आलेली बाई त्याला एका नजरेत कळते.

दुकानातल्या पोराला परत पाठवलं. ५ नंबरात सातच डिझाईन निघाली आणि ती येईपर्यंत एक वाजला. स्टुडिओचं भाडं, मेकअप, मॉडेल, फोटोग्राफर, सगळ्यांचा अर्धा दिवस पाण्यात. चूक माझी होती. "किती जोड आहेत" हे मी तीनदा विचारलं होतं, "कोणत्या नंबरचे" हे एकदाही नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारखीच अंगठ्याची पायताणं दिसली आणि गावभर चर्चा झाली. तेव्हापासून चप्पलवाले, साजवाले, साडीवाले, अगदी गूळ आणि मसालेवालेसुद्धा विचारतात, की मॉडेल घेऊन शूट म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं. कॅमेरा कुठला, इथून त्यांची सुरुवात असते. माझ्या लेखी तो शेवटचा प्रश्न.

आधी दुकानात बसा

शूट ठरलं की मी पहिले दोन तास दुकानाच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसते. गिऱ्हाईक काय करतं ते बघते. चपलेच्या दुकानात माणूस आधी जोड हातात घेतो, उलटा करून तळ बघतो, मधोमध वाकवतो, पट्ट्यावर नख दाबतो. मग विचारतो, चावतंय का? पावसात चालंल का? करकर वाजतंय का? शेवटी पायात घालतो, उभा राहतो आणि मान खाली घालून स्वतःच्या पायाकडं बघतो.

ऑनलाइन घेणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या वतीनं हे सगळं फोटोनं करायचं. म्हणजे एक फोटो तळाचा. एक बाजूनं, चामड्याचे थर आणि जाडी दाखवणारा. एक वेणीचा आणि शिलाईचा, अगदी जवळून. एक पायातला, शेजारून. आणि एक वरून, उभ्या माणसाला स्वतःचे पाय जसे दिसतात तसा. हा शेवटचा फोटो बहुतेक जण काढतच नाहीत आणि माझ्या अनुभवात गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच थांबतं. करकर फोटोत येत नाही, त्यासाठी दहा सेकंदांचा व्हिडिओ, फरशीवर चार पावलं.

ही यादी म्हणजेच शॉटलिस्ट. कागदावर प्रत्येक वस्तूपुढं लिहायचं: कोणता फोटो, कोणत्या प्रश्नाचं उत्तर, आडवा की उभा, कुठं वापरणार. "कुठं वापरणार" हा रकाना रिकामा ठेवू नका. मोबाईलवरच्या जाहिरातीला उभा फोटो लागतो, वेबसाईटच्या माथ्यावरच्या पट्टीला आडवा, आणि दुकानावर फ्लेक्स लावायचा असेल तर मजकुराला मोकळी जागा सोडूनच फ्रेम बांधावी लागते. उभ्या फोटोतून आडवा कापून काढताना नेमकी मॉडेलची हनुवटी नाहीतर चपलेची टाच जाते.

मोठ्या ऑनलाइन बाजारांचे स्वतःचे नियम असतात. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे संगणकाच्या भाषेत लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५. वस्तूनं फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. असल्या पांढऱ्या फोटोंना मॉडेल लागत नाही. ते वेगळ्या दिवशी, टेबलावर, निवांत काढा. मॉडेलला तासाचे पैसे देऊन तिच्यादेखत टेबलावरची चप्पल पुसत बसण्याइतका महागडा उद्योग दुसरा नाही.

दिवसात किती बसतं

नवीन माणूस इथं हमखास फसतो. "फोटो काढायला काय, एक मिनिट" असा हिशेब धरतो. माझा हिशेब असा: पायातली चप्पल बदलणं, पाय पुसणं, पट्टा नीट बसवणं, चार कोन, मध्ये एकदा लाईट हलवणं, सगळं धरून एका जोडाला पंधरा मिनिटं. १८ जोडांना साडेचार तास. त्यात मेकअपचा एक तास, जेवणाचा पाऊण, आणि सुरुवातीला लाईट बसवायचा तास मिळवा. साडी असेल तर एका साडीला निऱ्यांसकट पस्तीस-चाळीस मिनिटं. नऊवारी त्याहून जास्त, आणि ती नेसवणारी बाई वेगळी बोलवावी लागते. दिवसात दहा साड्या होतात. ज्यांनी पंचवीस आणल्यात त्यांना मी आदल्या दिवशीच दहा निवडायला लावते. शूटच्या दिवशी निवडायला सांगितलं की घरातली चार माणसं चार मतं घेऊन येतात.

क्रम वस्तूंच्या नंबरानं लावायचा नाही, बदलाच्या कष्टानं लावायचा. हलका मेकअप आधी, लग्नाचा भारी मेकअप शेवटी, कारण भारीवरून हलक्यावर यायला तोंड धुवावं लागतं. मोकळे केस आधी, अंबाडा नंतर. नखांना रंग लावायचा असेल तर बिनरंगाचे फोटो सकाळीच उरकायचे.

नव्या कोल्हापुरीसाठी तर क्रमाला पर्यायच नाही. ती चावते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं सुरुवातीला कडक असतं, पायाच्या घामानं आणि तेलानं हळूहळू मऊ पडतं. मॉडेलच्या पायात मात्र दिवसभर नवीच चप्पल, आणि दर पंधरा मिनिटांनी दुसरी नवी. तिसऱ्या तासाला अंगठ्याच्या बेचक्यात लाल रेघ उठते, मग ती पाय किंचित तिरका टाकायला लागते आणि फोटोत ते दिसतं. म्हणून जवळचे फोटो सकाळी, लांबचे आणि चालतानाचे दुपारनंतर. पट्ट्याला आतून आदल्या रात्री थोडं तेल चोळून ठेवलं तर बरं पडतं. बाहेरून लावू नका, रंग गडद होतो आणि जोडातली दोन पायताणं दोन छटांची दिसतात. तळाला पांढरी कागदी चिकटपट्टी लावली तर माल विकायच्या लायकीचा राहतो. तळाचा फोटो काढायचा जोड मात्र पट्टीशिवाय ठेवा. मी एकदा विसरले होते, चिकटपट्टीचे फोटो छान आले.

मॉडेल: चेहरा, पाय की गळा

मॉडेल शोधताना लोक चेहऱ्याचे फोटो मागवतात. चपलेच्या शूटला चेहऱ्याचं काम दहांतल्या दोन फोटोंत असतं. मी पायाचे फोटो मागते. खिडकीच्या उजेडात, फिल्टर न लावता, वरून, बाजूनं आणि टाचेचा. शिवाय पायाचा नंबर लेखी. कोल्हापुरात चपलेच्या पट्ट्याचा ठसा पायावर नाही असा माणूस सापडणं अवघड, तेव्हा थोडाफार ठसा मेकअपवाल्या झाकतात. भेगा झाकत नाहीत. शूटच्या सकाळी मॉडेलनं मोजे घालून यायचं नाही. इलॅस्टिकचा वळ उतरायला तास जातो. दागिन्यांच्या शूटला हाच नियम गळ्यातल्या साखळीला आणि घट्ट ब्लाऊजला.

साजासाठी गळा बघावा लागतो. कोल्हापुरी साजात परंपरेनं २१ पानं धरतात: १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि शेवटचं ताईताचं. पान म्हणजे लहानसा लोलक, आणि तो जरा हललं की उलटा फिरतो. मॉडेलनं मान वळवली की मासा पोटावर आणि कासव पाठीवर. ज्यांना साज माहीत आहे त्या बायका फोटोत पानं मोजतात, खरंच मोजतात. म्हणून प्रत्येक क्लिकआधी फक्त पानं सरळ करायला एक माणूस उभा असतो. पानांमागं दुहेरी चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले तर त्याचं काम निम्मं होतं. गळा फार हाडकुळा असेल तर साज गळपट्टीच्या हाडावर अडखळतो. आणि पंचवीस वर्षांच्या मुलीच्याच गळ्यात तो घालायला हवा असं कुणी सांगितलं? लेकीच्या लग्नाला साज घ्यायला येणारी बाई पन्नाशीची असते. पंचेचाळीस-पन्नाशीच्या मॉडेलचे फोटो काढून बघा असं मी दागिनेवाल्यांना सांगत असते. दहांतले दोन ऐकतात.

कोल्हापुरात मॉडेल कुठून आणायच्या, हा प्रश्न पूर्वी होता तेवढा राहिलेला नाही. नाटकाच्या ग्रुपमधली मंडळी आहेत, कॉलेजची मुलं आहेत, मालिकांची शूटिंगं इथं होत असल्यानं कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय असलेले लोक आहेत. मला नाटकवाले आवडतात. त्यांना "चाल" म्हटलं की ते कुठंतरी निघाल्यासारखे चालतात, नुसते पाय उचलत नाहीत.

मॉडेल मुलगी एकटी असेल तर टीममध्ये किमान एक बाई हवीच. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, सोबत आणलेल्या माणसाला बसायला खुर्ची, आणि काय घालायचंय हे आधीच ठरलेलं. "आता हे पण घालून बघ" असं ऐनवेळी म्हणायचं नाही. मी पंधरा वर्षांत दोन शूटं मधेच थांबवलीत, दोन्ही ह्याच कारणानं.

लहान मुलं घ्यायची असतील तर कायदा कडक आहे. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं काढायची असते. "आमच्या पुतण्याचाच तर फोटो आहे" म्हणणारे खूप भेटतात. घरच्या मुलाचा घरात काढलेला फोटो वेगळा आणि पैसे मोजून दिवसभर राबवणं वेगळं.

दोन कागद

पहिला कागद मॉडेलचं संमतीपत्र. "फोटो वापरायला हरकत नाही" एवढ्यानं भागत नाही. कुठं वापरणार (वेबसाईट, होर्डिंग, पेटीवरचं चित्र), किती काळ, कोणत्या मालासाठी, आणि तिसऱ्याला देणार का, हे चार मुद्दे लिहा. चपलेसाठी काढलेला पायाचा फोटो उद्या भेगांच्या मलमाच्या जाहिरातीत गेला तर मॉडेलला राग येणारच. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला कायद्यानं करार करता येत नाही, तिथं आईवडिलांची सही.

दुसरा कागद फोटोग्राफरशी. फोटो ज्यानं काढला त्याचा, असा सर्रास समज आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे दुकानदार. फोटोग्राफरला हक्क स्वतःकडं ठेवायचे असतील तर ते लिहून घ्यावं लागतं. आणि हक्क लिहून दिले पण मुदत घातली नाही, तर कलम १९ प्रमाणं ते ५ वर्षांपुरतेच धरले जातात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. परदेशात माल पाठवणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. मी वकील नाही, मोठ्या व्यवहाराला वकिलालाच दाखवा. पण साधा कागद करायला वकील लागत नाही, आणि तो शूटच्या आधी करायचा. शूटनंतर सही मागितली की भाव वाढतो.

रंकाळा, पन्हाळा आणि दुपारचं ऊन

बाहेर शूट करायचं म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात आधी रंकाळा तलाव. वाईट नाही. शहराच्या पश्चिमेला असल्यानं चौपाटीवरून सूर्य पाण्यावर मावळताना मिळतो. पण त्याच वेळी तिथं निम्मं कोल्हापूर भेळ खायला आलेलं असतं. सकाळी सूर्य उगवल्यावरचा पहिला तास घ्या. प्रकाश मऊ, माणसं फक्त फिरायला आलेली, आणि तीही "कुठली सिरीयल?" एवढंच विचारून पुढं जातात.

पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. मोबाईलवर स्वतःचा फोटो काढणं निराळं. मॉडेल, स्टँड, लाईट घेऊन व्यापारी शूट करायचं तर खात्याची आगाऊ लेखी परवानगी हवी. पन्हाळा तर जुलै २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांमधला एक म्हणून जागतिक वारसा यादीतही आहे. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात, उघड्या गोल छतातून वर्तुळाकार ऊन खाली उतरतं तिथं, नऊवारीचा फोटो कुणाला नको असतो? परवानगी काढा, मग काढा. खाजगी वाडा, हुपरीच्या चांदी कारागिराचं घर, शेतावरचं गुऱ्हाळ यांना एका माणसाचा होकार पुरतो, आणि मालाशी त्यांचं नातंही सरळ असतं. गुळाच्या फोटोला गुऱ्हाळातल्या वाफेसारखी पार्श्वभूमी विकत मिळत नाही.

एक गोष्ट माझ्याकडून पक्की: पायताण आणि देऊळ एका फ्रेममध्ये घ्यायचं नाही. गडाची पायरीसुद्धा नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण कोल्हापुरात राहून ज्याला हे सांगावं लागतं त्याला शूट करायला देऊ नये.

दुपारी अकरा ते तीन बाहेर उभं राहू नका. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. चेहऱ्यावर त्याचा अर्थ असा, की कपाळ आणि नाक लखलखीत, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. चपलेचं तर आणखी वाईट: पायाची सगळी सावली नेमकी चपलेवर. जून ते सप्टेंबर बाहेरचं शूट ठरवलंच तर त्याच दिवसासाठी छपराखालची दुसरी जागा बोलून ठेवा. ढगाळ दिवस मात्र वाया घालवू नका. ढग म्हणजे आभाळभर ताणलेला पांढरा पडदा, साडीचा रंग त्याच्याइतका खरा कुठंच दिसत नाही.

उजेड कसा वागतो

ही गोष्ट समजली की निम्मं शूट समजलं, म्हणून इथं थोडं थांबते.

चामडं, चांदी आणि कापड हे तिन्ही उजेडाशी वेगळं वागतात. कोल्हापुरीवरची वेणी, ठशांची नक्षी, कापून काढलेले कान हे सगळे बारीक उंचवटे आणि खोलगट जागा आहेत. समोरून फ्लॅश मारला की खोलगट जागाही उजळते, नक्षी पुसल्यासारखी सपाट होते. तोच दिवा बाजूला, जमिनीपासून थोडासाच वर ठेवला की उंचवट्याच्या एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला सावली पडते. नक्षी उठून येते. घरी करून बघा: रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च चपलेवर आधी समोरून, मग आडवा धरा. मालकांना मी हे दाखवते तेव्हा ते लगेच म्हणतात, "अरे, आमचा कारागीर बी खिडकीपाशी असाच बसतो की."

चांदीचं उलट. चकचकीत धातू म्हणजे आरसा. हुपरीच्या पैंजणाचा फोटो काढताना तुम्ही पैंजणाचा काढत नाही, पैंजणात दिसणाऱ्या खोलीचा काढता. त्यात लाल टीशर्टवाला मदतनीस दिसतो, पंखा दिसतो, तुम्ही स्वतः दिसता. म्हणून दागिन्याच्या भोवती पांढरे कागद उभे करतात, दागिन्याला बघायला पांढरंच मिळावं म्हणून. पण नुसतं पांढरं मिळालं तर चांदी खडूसारखी दिसते. मग एका बाजूला काळ्या कागदाची बारीक पट्टी ठेवायची. ती काळी रेघ धातूवर उमटली की कडा धारदार होते आणि डोळ्याला चकाकी जाणवते. पोलरायझर नावाची काच भिंगावर लावून चामड्यावरची तेलकट चमक कमी करता येते. उघड्या धातूवर ती एकटी जवळजवळ निरुपयोगी ठरते, दिव्यांवरही तसलाच कागद लावावा लागतो.

रंगाचं म्हणाल तर सगळी भांडणं तिथंच होतात. दिवसाच्या उजेडाचा रंग मोजायच्या भाषेत सुमारे ५५०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा ३००० च्या आसपास. खिडकीचा उजेड आणि खोलीतली ट्यूब दोन्ही चालू ठेवली तर मॉडेलचा एक गाल निळसर, दुसरा पिवळट. एकच जात ठेवा. प्रत्येक नव्या लाईटिंगला पहिला फोटो करड्या रंगाचं कार्ड धरून काढायचा, मग संगणकावर त्या कार्डाला करडं करायचं की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. स्वस्त एलईडी दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की ते सहसा जातात.

हे सगळं कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर कळत नाही. कॅमेरा केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मालकांना लॅपटॉपसमोर बसवा. ते तिथंच "टाचंचा टाका वाकडा दिसतोय" म्हणतात, आठवड्यानं फोन करून म्हणत नाहीत.

त्या दिवशी

आदल्या संध्याकाळी सगळ्यांना एक कागद जातो: पत्ता, कुणी किती वाजता यायचं, कोणाचा फोन, जेवण किती वाजता, आजच्या फोटोंचा क्रम. मॉडेलची वेळ फोटोग्राफरच्या वेळेपेक्षा उशिराची असते, कारण लाईट लागेपर्यंत तिनं बसून काय करायचं?

दागिने असतील तर एकच माणूस जबाबदार. गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, निघताना प्रत्येक नगाचा फोटो आणि वजन वहीत, परत देताना पुन्हा वजन. हे अविश्वासाचं नाही. एकदा संध्याकाळी ठुशीचा एक मणी कमी भरला आणि तासाभरानं तो मॉडेलच्या पदराच्या पिनेत अडकलेला सापडला. वजन केलं नसतं तर तो पदराबरोबर धुवायला गेला असता.

जेवणाचं: मिसळ नाही. मला मिसळ आवडते, तुम्हालाही आवडते, पण पांढऱ्या इरकल साडीवर कटाचा एक थेंब म्हणजे दिवस संपला. शेवटचा फोटो झाल्यावर खुशाल जा. दुपारी दहीभात, चपाती-भाजी, आणि मॉडेलला कपडे बदलल्यावर जेवायला द्यायचं, शूटच्या कपड्यात नाही.

प्रत्येक जोडाचा पहिला फोटो त्याच्या नंबराची चिठ्ठी धरून काढायचा. १८ जोडांतले सहा कापशी आणि चार कुरुंदवाडी प्रकारचे एकमेकांसारखे दिसतात, आणि रात्री संगणकापुढं बसल्यावर कुणालाच सांगता येत नाही की हा कुठला.

मॉडेलशी बोलत राहा. "हास" म्हटल्यावर कुणी हसत नाही. आमचा फोटोग्राफर मुलींना विचारतो, "घरात पहिली कोल्हापुरी कुणी आणलेली?" मग कुणाचा आजोबा निघतो, कुणाची जत्रा निघते. हसू त्यातून येतं.

नंतरचं

फोटो निवडताना चेहरा बघून निवडू नका. आधी वस्तू: पट्टा सरळ, पान उलटं नाही, रंग खरा. ह्या चाळणीतून उरतील त्यांतला चांगला चेहरा. त्या चार वर्षांपूर्वीच्या शूटला मालकांना हे मी समजावायला गेले तर त्यांनीच मला ऐकवलं, "अवं ताई, पायताण दिसायला पायजे, पोरगी न्हवं." नंबराच्या बाबतीत चुकले असतील, इथं बरोबर होते.

एडिटिंगमध्ये धूळ काढा, मॉडेलच्या पायावरची लाल रेघ काढा, साडीची चुणी काढा. वाकडा टाका सरळ करू नका, चामड्याची छटा उजळू नका. हाताने केलेल्या जोडाची छटा थोडीफार बदलतेच, ते वर्णनात साध्या शब्दांत लिहा. माल फोटोपेक्षा वेगळा निघाला की तो परत येतो, येण्याजाण्याचं भाडं तुमच्या डोक्यावर, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा वेगळा विषय आहेच. रेक्झिनच्या चपलेखाली "अस्सल कोल्हापुरी" लिहिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की ह्या नावाला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांपुरतं.

फाईलला "नवीन फोटो फायनल २" असं नाव देऊ नका. वस्तूचा नंबर, कोन, तारीख. सहा महिन्यांनी दिवाळीच्या जाहिरातीला तोच फोटो लागतो तेव्हा शोधायला दहा सेकंद लागावेत. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात नाहीतर क्लाऊडवर. पुराच्या वर्षी शाहूपुरीतल्या एका ओळखीच्यांच्या दोन्ही डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या खणात होत्या. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड त्या रात्री फॉरमॅट करायचं नाही. निवडलेले फोटो दुकानदाराच्या हातात पडून त्याचा होकार आला, की मगच.